मुर्नाऊचे पिशाच्च आणि प्रेक्षकांचा हशा

फ्रीडरिख विल्हेल्म मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा ‘नोसफेराटू’ हा रक्तपिपासू पिशाच्चावरील मूकपट नव्या प्रेक्षकांना दाखविला, की दोन परस्परविरोधी प्रतिक्रिया हमखास उमटतात. काही जण श्वास रोखून बसतात, तर काहींना हसू आवरत नाही. स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून चालणारा काउंट ओर्लोक त्यांना भीतिदायक न वाटता गमतीदार वाटतो. या हसणाऱ्यांना अरसिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु हा हशा कोठून येतो, हे समजून घ्यावयाचे तर मुर्नाऊचे आयुष्य आणि त्याच्या चित्रपटाचे दैव ही दोन्ही पाहिली पाहिजेत.

मुर्नाऊचा जन्म १८८८ मध्ये बीलेफेल्ड येथे झाला. घराण्याचे आडनाव प्लुम्पे. बव्हेरियातील एका गावावरून त्याने मुर्नाऊ हे नाव घेतले. साहित्य आणि कलेतिहासाचे अध्ययन करून तो माक्स राइनहार्ट यांच्या नाट्यसंस्थेत दाखल झाला. तोच पहिले महायुद्ध पेटले. मुर्नाऊ आधी पायदळात व पुढे विमानदलात लढला. त्याचा जिवलग मित्र, कवी हान्स एरेनबाउम-डेगेले, १९१५ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला. मृत्यूशी त्याची ओळख अशी जवळची होती.

४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाच्या संगमरवरी सभागृहात ‘नोसफेराटू’ प्रथम दाखविला गेला. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवरून तो बेतला होता. मात्र उंदरांबरोबर गावात शिरणारी प्लेगची साथ आणि निर्जन रस्त्यावरून निघालेली शवपेट्यांची रांग ही चित्रपटाने घातलेली भर होती. समोरचा प्रेक्षकवर्ग महायुद्धातून आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतून नुकताच वाचलेला होता. अशा माणसांना त्या शवपेट्या परक्या वाटणे शक्यच नव्हते.

निर्मात्या प्राना कंपनीने कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. स्टोकर १९१२ मध्ये निवर्तले होते आणि त्यांची विधवा पत्नी फ्लॉरेन्स यांना त्या पुस्तकाच्या उत्पन्नाचा आधार होता. त्यांनी दावा लावला, तो न्याय्यच होता. पण कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि भरपाई मिळण्याची आशा मावळली. तेव्हा चित्रपटच नष्ट करावा, अशी मागणी पुढे आली व १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने तसा आदेश दिला. मालमत्तेचा हक्क राखण्यासाठी मालमत्तेसारखीच दुसरी वस्तू जाळावयाची, असा हा व्यवहार. परदेशी गेलेल्या काही प्रती मात्र उरल्या.

उरल्या, त्या मूळ रूपात नव्हे. रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडी चित्रित करून त्यांना निळी छटा देण्याची त्या काळी पद्धत होती. नंतरच्या कित्येक प्रती निव्वळ काळ्या-पांढऱ्या निघाल्या. परिणामी, सूर्यकिरणाने मरणारे पिशाच्च लख्ख उन्हात खुशाल हिंडताना दिसू लागले. मूकपटाची फीत कमी गतीने चित्रित होत असे. बोलपटाच्या यंत्रावर चढविताच पात्रे दुडूदुडू धावू लागली. पिशाच्चाची घोडागाडी मुर्नाऊने मुद्दाम वेगवान केली होती, पण सगळेच धावू लागल्यावर त्या वेगातील अद्भुतता कशी उरावी? हान्स एर्डमान यांचे मूळ संगीतही बव्हंशी हरवले. निकृष्ट प्रतीवरून मूळ मालाचे मोल ठरवू नये, एवढे व्यापारातला नवशिकाही जाणतो. प्रेक्षकांच्या हशाचा बराचसा भाग या निकृष्ट प्रतींच्या खाती जमा करावा लागेल.

मुर्नाऊने पुढे अमेरिकेत केलेल्या ‘सनराइज’ला १९२९ च्या पहिल्या ऑस्कर समारंभात कलात्मक निर्मितीचा सन्मान मिळाला. ‘टॅबू’ प्रदर्शित होण्यास आठवडा उरला असता, ११ मार्च १९३१ रोजी, मोटार अपघातात त्याचा अंत झाला. वय अवघे बेचाळीस. ‘नोसफेराटू’चा पुनर्जन्म पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९८० च्या दशकात म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयाचे एन्नो पातालास यांनी मूळ छटा परत मिळविण्याचा उद्योग केला, २००६ मध्ये आणखी एक जीर्णोद्धार झाला आणि पडद्यावरची रात्र पुन्हा रात्र दिसू लागली.

आपण हे दुरून पाहून हळहळावे, अशी आपली स्थिती नाही. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. त्यासाठी कोणा न्यायालयाच्या आदेशाचीही गरज पडली नाही. जतनाचा खर्च अनुत्पादक मानणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जुना चित्रपट जरूर दाखवावा, मात्र तो योग्य गतीच्या, दुरुस्त प्रतीवरून. त्यानंतरही कोणी हसले, तर तो हशा खुशाल प्रामाणिक अभिप्राय समजावा.