भूमापक विल्यम लॅम्बटन

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांमधून वाहते. देशातील अशा दुर्गम दऱ्या व पर्वत आज नकाशावर अचूक दाखविता येतात. या कामाचा पाया विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने घातला.

१८०२ मध्ये लॅम्बटन यांनी मद्रास येथे सुमारे १२ किलोमीटर लांबीची पायारेषा साखळीने मोजली. त्रिकोणाची एक बाजू व कोन ठाऊक असले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. काढलेली बाजू पुढील त्रिकोणाचा पाया होई. अशा रीतीने त्रिकोणांची मालिका पुढे सरकू लागली.

कोन मोजण्याचे त्यांचे थिओडोलाइट यंत्र सुमारे ५०० किलो वजनाचे होते. १८०८ मध्ये तंजावर येथे ते मंदिरावर चढविताना दोर तुटला आणि यंत्राचे चक्र वाकले. इतक्या वर्षांचे श्रम वाया जाण्याची वेळ आली. परंतु लॅम्बटन खचले नाहीत. सहा आठवडे खपून त्यांनी ते स्वतः दुरुस्त केले.

कंपनी सरकारला राज्यकारभारासाठी नकाशे हवे होते. लॅम्बटन यांना मात्र पृथ्वीचा नेमका आकार जाणून घेण्याची ओढ होती. उतारवयातही ते रानावनांत मोजणी करीत राहिले. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांची कबर आहे.

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही मालिका हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. आरंभ करणाऱ्याला शेवट पाहता आला नाही. पण त्याने घातलेला पाया पक्का होता.