जी. एन. जोशी

वऱ्हाड म्हटले म्हणजे काळीभोर जमीन, कपाशीची शेते आणि अमरावती-अकोल्याच्या गजबजलेल्या बाजारपेठा आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु मराठी भावगीताच्या इतिहासातही ह्या प्रांताला मानाचे स्थान आहे.

वऱ्हाडातील मेहकर ह्या गावी ना. घ. देशपांडे नावाचे कवी वकिली करीत असत. त्यांची ‘शीळ’ ही कविता नागपुरात शिकलेल्या एका तरुण गायकाच्या मनात भरली. हा गायक म्हणजेच गोविंदराव तथा जी. एन. जोशी. त्यांनीही कायद्याची पदवी घेतली होती. दोघांचाही जन्म १९०९ सालचा.

त्या काळी नाटकातील पदांचा मोठा बोलबाला होता. गोविंदरावांनी मात्र कवितेतील भाव खुलेल अशी साधी, गोड चाल लावली. १९३२ च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस ह्या कंपनीने त्यांच्या आवाजात ‘शीळ’ची ध्वनिमुद्रिका काढली. ते गाणे रसिकांच्या ओठांवर खेळू लागले आणि भावगीताच्या आरंभीच्या गाण्यांत त्याची गणना होऊ लागली.

गायक म्हणून कीर्ती मिळवणे गोविंदरावांना आता कठीण नव्हते. वकिलीची वाटही मोकळी होती. तथापि १९३८ साली ते त्याच कंपनीत नोकरीस लागले. आता स्वतः गाण्यापेक्षा इतरांचे गाणे मुद्रित करणे हेच त्यांचे मुख्य काम झाले.

हे काम सोपे नव्हते. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासभर राग आळवणाऱ्या थोर गवयांना हे बंधन जाचक वाटे. आपली विद्या एवढ्याशा तबकडीत कशी मावावी, असा प्रश्न त्यांना पडे. गोविंदराव स्वतः गायक असल्यामुळे कलावंताचे मन जाणत. पुढे अधिक वेळ वाजणाऱ्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांचे गायन मावू लागले. बडे गुलाम अली खाँ, अमीर खाँ अशा श्रेष्ठ गवयांचे गायन गोविंदरावांनी मुद्रित केले. १९६७ च्या सुमारास त्यांच्या देखरेखीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस तीत संतूर, बासरी आणि गिटार ह्या वाद्यांनी रंगवला आहे. ती देशोदेशी ऐकली गेली.

आपल्या आठवणी त्यांनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ ह्या ग्रंथात लिहून ठेवल्या. १९९४ साली ते निवर्तले.

गाणे गायकाच्या कंठातून निघते आणि क्षणात हवेत विरून जाते. ते पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवावे, म्हणून गोविंदरावांनी स्वतःच्या गाण्याला दुय्यम स्थान दिले. जुन्या गवयांचे सूर आज आपल्या कानी पडतात, त्यांमागे ह्या पडद्याआडच्या गायकाचेही श्रम आहेत.