तीन पेन्सची पट्टी

कॉलऱ्याचा इतिहास सांगताना डॉ. जॉन स्नो यांचे नाव हमखास येते. हा रोग दूषित पाण्यातून पसरतो, हे त्यांनी १८५४ मध्ये दाखवून दिले. पण फार थोड्यांनी ते मानले. लंडनची कॉलऱ्यातून सुटका मुख्यतः ज्यांच्या कामामुळे झाली, ते जोसेफ बॅझलजेट डॉक्टर नव्हते, अभियंता होते. त्यांना काम देणाऱ्या बहुतेकांची समजूत रोग दुर्गंधीतून होतो अशीच होती. निदान चुकले, पण उपचार लागू पडला.

१८१९ मध्ये एनफिल्ड येथे जन्मलेले बॅझलजेट अंगाने किरकोळ. रेल्वेच्या कामांचा ताण असह्य होऊन १८४७ मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली. बरे झाल्यावर १८४९ मध्ये ते लंडनच्या गटार आयोगात रुजू झाले, तेव्हा शहरात कॉलऱ्याची साथ होती. १८४८-४९ च्या त्या साथीत सुमारे १४ हजार माणसे दगावली. १८५३-५४ मध्ये आणखी १० हजारांहून अधिक. शहराचा मैला टेम्स नदीत जाई आणि अनेकांच्या पिण्याचे पाणीही त्याच नदीतून येई.

१८५६ मध्ये ते नव्या महानगर बोर्डाचे मुख्य अभियंता झाले. नदीला समांतर मोठी गटारे बांधून मैला पूर्वेकडे, शहराबाहेर न्यायचा, असा त्यांचा आराखडा होता. घोडे अडले पैशांवर. गटारांचे तोंड किती दूर ठेवायचे आणि वाढीव खर्च कोणी सोसायचा, यावर सरकार आणि बोर्ड यांची ओढाताण चालली. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीची घाण संसदेच्या नाकाशी आली, पडदे जंतुनाशक चुन्यात भिजवावे लागले, आणि मग मात्र कायदा अवघ्या १८ दिवसांत झाला!

या कायद्यातला पैशांचा भाग विटा-सिमेंटाइतकाच महत्त्वाचा. बोर्डाला ३० लाख पौंडांचे कर्ज उभारता येणार होते, त्याला सरकारी तिजोरीची हमी होती, आणि फेडीसाठी लंडनच्या मिळकतींवर ४० वर्षे पौंडामागे ३ पेन्सची पट्टी. जे गटार नातवंडेही वापरणार, त्याची किंमत एकाच पिढीच्या माथी मारली गेली नाही. बॅझलजेटना दर वर्षी पैशांसाठी हात पसरावे लागले नाहीत. प्रत्यक्ष खर्च ४० लाखांच्या वर गेला. सुमारे १३२ किलोमीटर मुख्य गटारे झाली, ३१.८ कोटी विटा लागल्या.

१८६६ मध्ये कॉलरा परतला. साडेपाच हजारांवर बळी गेले, ते बहुतांशी पूर्व लंडनमध्ये. तिथली गटारयोजना अजून सुरू व्हायची होती आणि पाणी कंपनीने न गाळलेले पाणी पुरवले होते. त्यानंतर लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली नाही. १८९२ मध्ये हॅम्बुर्गमध्ये हजारो माणसे मेली, तेव्हाही लंडन वाचले. ते पाहायला बॅझलजेट नव्हते; १८९१ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

एक उणीव उघड होती. मैला बरीच वर्षे प्रक्रियेविनाच, फक्त दूरवर, नदीत सोडला जाई. शिवाय पावसाचे पाणी त्याच गटारांत येई, आणि मोठी सर आली की जादा पाणी मैल्यासकट टेम्समध्ये सोडण्याची सोय मूळ आराखड्यातच होती. शहर वाढले तशी ती वेळ वारंवार येऊ लागली. हे पाणी अडवणारा २५ किलोमीटरचा नवा बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला. त्याचा खर्च लंडनकरांच्या पाणी-सांडपाण्याच्या बिलातून वसूल होत आहे.