शंभर वर्षांपूर्वीचं डिझाइन अजून कसं उडतं? जेफ्री डी हॅविलंड यांची गोष्ट

तुमचा पहिला स्मार्टफोन आज कुठे आहे? माझा कपाटाच्या खणात पडून आहे. बॅटरी फुगलीय, तशी नवीन मिळत नाही, आणि मागचं झाकण असं चिकटवलंय की उघडायला जावं तर स्क्रीनच तडकेल. वय फक्त आठ वर्षं!

आता याच्या अगदी उलटा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहत होतो. ऑगस्टमधल्या एका शनिवारी ऑफिसातला एक जण मला जवळच्या वोबर्न ॲबीला घेऊन गेला. जुना सरदारी वाडा, त्याभोवती हरणांचं मोठं कुरण, आणि त्या कुरणात ओळीने उभी असलेली छोटी छोटी विमानं. बहुतेकांना वर एक आणि खाली एक असे पंखांचे दोन मजले. अंगावर पत्रा नाही, तर ताणून बसवलेलं कापड. काही विमानं माझ्या आजोबांपेक्षा वयाने मोठी होती. आणि ती ट्रकवर लादून आणलेली नव्हती, स्वतः उडत आली होती.

हा मेळावा होता डी हॅविलंड मॉथ क्लबचा. १९७५ मध्ये सुरू झालेला हा क्लब एकाच कंपनीच्या जुन्या विमानांसाठी आहे. मी फोटो काढायला गेलो होतो आणि एका माणसाची गोष्ट डोक्यात घेऊन परत आलो. तीच आज सांगतोय.

मेळाव्यात काय चालतं?

सकाळी सगळे आकाशाकडे बघत चहा पीत बसले होते, कारण वारा आडवा वाहत होता. ही विमानं इतकी हलकी असतात की आडव्या वाऱ्यात गवतावर उतरणं धोक्याचं ठरतं. टायगर मॉथ या प्रकाराला तर मुळात चाकांचे ब्रेकच नव्हते.

वारा पडल्यावर एकेक इंजिन सुरू झालं. स्टार्टरचं बटण नाही, बॅटरी नाही. चाकांखाली ठोकळे लावायचे, एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने पुढचा लाकडी प्रोपेलर हाताने झटक्यात फिरवायचा. मग बॅटरीशिवाय ठिणगी येते कुठून? मॅग्नेटोमधून. इंजिन फिरलं की त्यासोबत मॅग्नेटो फिरतो आणि स्वतःच वीज तयार करतो. असे दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. एक बंद पडला तरी दुसरा आहेच.

एका आजोबांनी मला त्यांच्या विमानाच्या पंखावर टिचकी मारायला सांगितली. ढोलकीसारखा आवाज आला. हे कापड तिसरं की चौथं, हे त्यांनाही नक्की आठवत नव्हतं. पण आतली लाकडी फासळी न फासळी त्यांनी स्वतः तपासलेली होती.

उधारीवर बनलेलं पहिलं विमान

जेफ्री डी हॅविलंड यांचा जन्म २७ जुलै १८८२ चा, इंग्लंडमधल्या हाय वायकम गावाजवळचा. वडील चर्चमध्ये धर्मगुरू, घरची परिस्थिती बेताची. जेफ्री यांना मात्र यंत्रांचं वेड. त्यांनी इंजिनिअरिंगचं शिक्षण घेतलं, मोटारसायकल बनवली, बस बनवणाऱ्या कंपनीत नोकरी केली. मग विमानाची बातमी वाचून ती नोकरी सोडायचं ठरवलं. तेव्हा त्यांनी विमान डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं.

पैसे आईच्या वडिलांनी दिले, १,००० पौंड. मदतीला फ्रँक हर्ल नावाचा मित्र होता. इंजिनचं डिझाइन जेफ्री यांनी स्वतः केलं. पंखांचं कापड त्यांच्या बायकोने, लुईझने, हाताने फिरवायच्या शिवणयंत्रावर शिवलं.

डिसेंबर १९०९ मध्ये ते विमान जेमतेम वर उचललं गेलं आणि लगेच मोडून खाली आलं. जेफ्री वाचले, इंजिनही वाचलं. तेच इंजिन घेऊन त्यांनी दुसरं विमान बांधलं. १० सप्टेंबर १९१० ला ते उडालं. चाकं जमिनीवरून खरंच सुटतात का, हे बघायला हर्ल गवतावर पालथा पडला होता म्हणे! पुढे याच विमानातून जेफ्री यांनी लुईझला आणि तिच्या मांडीवरच्या तान्ह्या मुलालाही फिरवून आणलं. त्या बाळाचं नावही जेफ्री. हे बाळ लक्षात ठेवा.

सरकारच्या फार्नबरो इथल्या कारखान्याने ते विमान ४०० पौंडांना विकत घेतलं आणि जेफ्री यांना डिझायनर व चाचणी वैमानिक म्हणून नोकरीही दिली. पहिल्या महायुद्धात एअरको कंपनीसाठी त्यांनी लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानं डिझाइन केली. युद्ध संपलं, ऑर्डरी आटल्या, आणि १९२० मध्ये त्यांनी लंडनजवळ स्टॅग लेनला स्वतःची कंपनी काढली.

मॉथ नाव कुठून आलं?

मॉथ म्हणजे पतंग. मांजावाला नव्हे, दिव्याभोवती घिरट्या घालणारा. डी हॅविलंड यांना लहानपणापासून फुलपाखरं आणि पतंग जमवायचा छंद होता. नव्या विमानाचे पंख मागे दुमडायचे, अगदी बसलेल्या पतंगासारखे. म्हणून नाव मॉथ. पुढे जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ, लेपर्ड मॉथ असा गोतावळाच तयार झाला.

पंख दुमडणं ही निव्वळ गंमत नव्हती. दुमडल्यावर विमानाची रुंदी सुमारे तीन मीटर व्हायची. मोटारीमागे जोडून ते ओढत नेता यायचं आणि साध्या शेडमध्ये ठेवता यायचं. हँगरचं भाडं वाचलं.

खरी अडचण इंजिनची होती. आधीचं एक छोटं विमान फारच कमी ताकदीचं निघालं, तर दुसरं फार मोठं आणि महाग. मधलं इंजिन बाजारात नव्हतंच. मग फ्रँक हॅलफर्ड या इंजिनिअरने शक्कल लढवली. युद्धातून उरलेली रेनो कंपनीची आठ सिलिंडरची इंजिनं स्वस्तात पडून होती. त्यातला अर्धा भाग घेऊन त्याने चार सिलिंडरचं, सुमारे ६० अश्वशक्तीचं इंजिन जुळवलं. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात!

२२ फेब्रुवारी १९२५ ला डी हॅविलंड यांनी स्वतः पहिलं मॉथ उडवलं. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने फ्लाइंग क्लबांना मदत द्यायला सुरुवात केली आणि क्लबांनी मॉथ घेतली. १९२८ मध्ये हॅलफर्डचंच नवं जिप्सी इंजिन आलं. ते भरवशाचं आहे हे दाखवायला कंपनीने एक इंजिन सील केलं, ६०० तास उडवलं आणि मग उघडून बघितलं. बदलावे लागलेले भाग किरकोळ होते.

कराची, झाशी आणि एक स्पार्क प्लग

या विमानाची भारतातली गोष्ट तर मला फार आवडते. ती १९३० ची. आगा खान यांनी बक्षीस लावलं होतं, इंग्लंड ते भारत किंवा उलट एकट्याने उडत जाणाऱ्या भारतीयाला. २५ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले आणि १७ वर्षांचे ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. दोघांकडेही जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. ॲस्पी तिथे स्पार्क प्लगसाठी अडकून बसले होते. जेआरडींनी स्वतःकडचे प्लग दिले. इंजिन एकच, त्यामुळे प्लग चपखल बसले. ॲस्पी थोड्या तासांनी ती शर्यत जिंकले आणि पुढे भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले.

त्याच वर्षी एमी जॉन्सन जिप्सी मॉथमधून एकटी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली. वाटेत पेट्रोल संपत आल्यामुळे तिला झाशीला लष्कराच्या परेडच्या मैदानावर उतरावं लागलं. आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, ते पस मॉथमधून. एअर इंडियाची सुरुवात तीच.

जी किंमत पैशात मोजता येत नाही

दुसऱ्या महायुद्धात टायगर मॉथवर हजारो वैमानिक शिकले. त्यात भारतीयही होते. डी हॅविलंड यांच्या कंपनीने तेव्हा मॉस्किटो हे लाकडाचं वेगवान लढाऊ विमानही बनवलं. फर्निचर बनवणारे सुतारही त्याच्या कामाला लागले होते.

पण १९४३ मध्ये मॉस्किटोच्याच उड्डाणात त्यांचा मुलगा जॉन गेला. हवेत दोन विमानं एकमेकांवर आदळली होती. तीन वर्षांनी, २७ सप्टेंबर १९४६ ला, थोरला मुलगा जेफ्री एका नव्या जेट विमानाची चाचणी घेत होता. वेग आवाजाच्या वेगाच्या जवळ जात असताना विमान हवेतच फुटलं. १९१० मध्ये आईच्या मांडीवर बसून वडिलांच्या विमानातून फिरलेलं बाळ ते हेच. १९४९ मध्ये लुईझही गेली.

त्याच वर्षी, डी हॅविलंड यांच्या ६७ व्या वाढदिवशी, त्यांच्या कंपनीचं कॉमेट पहिल्यांदा उडालं. १९५२ मध्ये ते प्रवासी घेऊन जाऊ लागलं. जगातली ही पहिली जेट प्रवासी सेवा. मे १९५३ मध्ये कलकत्त्याहून निघालेलं एक कॉमेट वादळात सापडून पडलं आणि ४३ जण गेले. मग १९५४ मध्ये जानेवारीत इटलीच्या एल्बा बेटाजवळ एक आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ दुसरं विमान स्वच्छ उडत असताना फुटलं. दोन्ही मिळून ५६ माणसं गेली.

कारण शोधायला फार्नबरोत एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत बसवलं. आत पाण्याचा दाब वाढवायचा, कमी करायचा, पुन्हा वाढवायचा. आधीची खरी उड्डाणं धरून सुमारे ३,००० उड्डाणांइतका ताण झाल्यावर पत्रा फाटला.

साधी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. धातूच्या या थकव्याला मेटल फटीग म्हणतात. कॉमेट उंच उडताना आत हवेचा दाब ठेवला जायचा, उतरल्यावर तो उतरायचा. प्रत्येक उड्डाणाला पत्रा थोडा फुगायचा, थोडा आकसायचा. खिडक्यांच्या आणि झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी हा ताण साचत गेला. आज तुम्ही विमानात बसता तेव्हा खिडकीचे कोपरे गोल असतात आणि विमानाची उड्डाणं मोजून तपासणी होते. त्यामागे ही टाकी आणि ती माणसं आहेत. चौकशीत सापडलेलं सगळं जगासमोर आलं आणि इतर विमान कंपन्याही त्यातून शिकल्या. सुधारलेलं कॉमेट १९५८ मध्ये अटलांटिक पार करू लागलं, पण तोवर बोईंग बरोबरीला आली होती. थोड्याच काळात डी हॅविलंड कंपनी हॉकर सिडलीकडे गेली. २१ मे १९६५ ला डी हॅविलंड वारले.

मग मेळावे कशाला?

वोबर्नच्या कुरणात मला हाच प्रश्न पडला होता. एकाच माणसाच्या कंपनीची दोन विमानं. एक त्या काळातलं सगळ्यात आधुनिक, ज्याचा दोष कोणाला डोळ्यांनी दिसला नाही. दुसरं इतकं साधं की मालकाने कापड उसवावं, फासळी हाताने चाचपावी आणि परत शिवावं. साधं विमान सुरक्षितच असतं असं नाही हं! वोबर्नच्याच डचेस मेरी १९३७ मध्ये ७१ व्या वर्षी मॉथ घेऊन एकट्या निघाल्या आणि समुद्रावर बेपत्ता झाल्या. फरक एवढाच की मॉथचं काय बिघडलं हे त्याच्या मालकाला शोधता येतं आणि ते दुरुस्त करता येतं.

पण त्यासाठी ते येणारा माणूस हवा. मेळाव्यात सुटे भाग बदलून घेतले जातात, कोणाकडे जुने नकाशे सापडतात, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हाताची सवय पुढच्याला दिली जाते. दुपारी त्या आजोबांनी एका पंचवीसेक वर्षांच्या मुलीला प्रोपेलर कसा धरायचा, पाय कुठे ठेवायचा आणि झटका देऊन मागे कसं सरकायचं हे पाच-सहा वेळा करून दाखवलं. इंजिन तेव्हा बंदच होतं. मग तिने एकटीने केलं. मग खरं इंजिन. दुसऱ्या झटक्याला ते सुरू झालं.

आपल्याकडेही वायुसेनेने एक टायगर मॉथ दुरुस्त करून घेतलं आणि २०१२ मध्ये वायुसेना दिनाला हिंडनला उडवलं. त्याचे व्हिडिओ सापडले तर जरूर बघा, आणि आवाज चालू ठेवून बघा.

परत आल्यावर मी खणातला तो फोन बाहेर काढला. अजून उघडता आलेला नाही. पण पुढचा फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी मी दुकानदाराला विचारणार आहे, याची बॅटरी बदलता येते का, आणि ती बदलणारा माणूस इथे आसपास कोणी आहे का?