प्रकाशवैद्य नील्स फिन्सेन

अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात, स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या दरम्यान, फेरो नावाची लहान लहान बेटे आहेत. ती डेन्मार्कच्या राज्यात मोडतात. तेथे झाडे फारशी वाढत नाहीत. आकाश बहुधा ढगांनी झाकलेले असते, आणि ऐन हिवाळ्यात दिवस अवघा पाच तासांचा होतो. उन्हाच्या तापाने सावली शोधणाऱ्या आपल्याकडील मुलांना तेथील उन्हाचे मोल सहजासहजी कळावयाचे नाही. या बेटांवरील तोर्शाव्हन गावी १५ डिसेंबर १८६० रोजी नील्स फिन्सेन याचा जन्म झाला. त्याचे वडील सरकारी अधिकारी होते. नील्स चार वर्षांचा असतानाच त्याची आई वारली.

शिक्षणासाठी त्याला डेन्मार्कमधील एका निवासी शाळेत ठेवण्यात आले. तेथे त्याचे मन रमले नाही. मुलगा स्वभावाने चांगला आहे, परंतु बुद्धी व उत्साह यांत कमी आहे, असा शेरा तेथील मुख्याध्यापकांनी दिला. मुख्याध्यापकांचे असे शेरे पुष्कळदा घाईचे ठरतात! पुढे १८७६ साली वडिलांनी त्याला आइसलंडमधील रेक्याविक येथील शाळेत धाडले. १८८२ साली तो शेवटची परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा पंधरा विद्यार्थ्यांत त्याचा क्रमांक अकरावा होता. त्याच वर्षी तो वैद्यक शिकण्यासाठी कोपनहेगन शहरी आला.

तेथे एक-दोन वर्षांतच एका दुर्धर विकाराने त्याला गाठले. हृदय, यकृत आणि प्लीहा यांवरील पातळ आवरणे हळूहळू जाड व कठीण होत जावीत, असा तो विकार होता. त्यामुळे अंगातील रक्त कमी झाले आणि सदैव थकवा जाणवू लागला. चार पायऱ्या चढल्या तरी दमून जावे, पुस्तक हाती घेतले तरी ग्लानी यावी, अशी त्याची अवस्था झाली. त्याची राहण्याची खोली उत्तरेकडे तोंड असलेली होती. तीत ऊन म्हणून येत नसे. आपल्याला अधिक ऊन मिळाले तर बरे वाटेल, असे त्याच्या मनाने घेतले. मग तो जमेल तेव्हा उन्हात बसू लागला, आणि त्याला थोडी हुशारी वाटू लागली. परंतु असे का व्हावे, हे वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला सापडेना.

एके दिवशी खिडकीतून त्याला समोरच्या छपरावर एक मांजर ऊन खात पडलेले दिसले. थोड्या वेळाने सावली सरकत त्याच्या अंगावर आली. मांजर उठले, चार पावले पुढे गेले आणि पुन्हा उन्हात पहुडले. सावली आली की ते पुन्हा उठे. हे दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. पण हा मुक्या प्राण्याला उन्हात काय मिळते, असा विचार करीत राहिला. प्राणी प्रकाशाकडे कसे वळतात, याच्या नोंदी तो तेव्हापासून जमवू लागला.

१८९० साली फिन्सेन डॉक्टर झाले आणि विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. आता त्यांनी प्रयोगास आरंभ केला, तो स्वतःच्या शरीरावर. हातावर काळ्या शाईचा पट्टा ओढून ते उन्हात बसले. उघडी त्वचा लाल झाली. शाईखालची मात्र पांढरीच राहिली. शाई पुसून त्यांनी पुन्हा ऊन घेतले, तेव्हा उलट प्रकार घडला. आधी झाकलेला भाग लाल झाला, आणि पहिल्याने उन्हाने सावळलेला भाग टिकून राहिला. त्वचेवर परिणाम करणारा गुण उन्हाच्या उष्णतेत नसून मुख्यतः निळ्या, जांभळ्या आणि त्यांपलीकडील अदृश्य अशा अतिनील किरणांत आहे, असे मत ते मांडू लागले. हे किरण अडवावेत म्हणून देवीच्या रोग्यांना तांबड्या पडद्यांच्या खोलीत ठेवावे, असे त्यांनी १८९३ साली सुचवले. नॉर्वेतील बर्गेन येथे तो उपाय करून पाहण्यात आला. पुढील काळातील अनुभवाला मात्र तो उतरला नाही. याच वर्षी फिन्सेन यांनी विद्यापीठातील नोकरी सोडली.

त्या काळी युरोपात त्वचेचा क्षय पुष्कळ आढळे. तो नाक, गाल, ओठ कुरतडीत जाई. म्हणून त्याला लॅटिन भाषेत लांडगा या अर्थाचे लुपस हे नाव पडले होते. अशा रोग्यांकडे लोक पाहवत नाही म्हणून तोंड फिरवीत, त्यांना कोणी कामावर ठेवीत नसे. १८९५ साली या रोगाने पिडलेला एक अभियंता फिन्सेन यांच्याकडे आला. सर्व उपाय करून तो निराश झाला होता. फिन्सेन यांच्यापाशी ना रुग्णालय होते, ना दिवे. कोपनहेगनच्या वीजकारखान्यातील कर्बदीपासमोर त्यांनी रोग्याला बसवले. भिंगांनी दिव्याचा झोत एका ठिकाणी आणला. कातडी भाजू नये म्हणून पाण्यातून गाळून त्यातील उष्णता काढून घेतली. रक्तामुळे प्रकाश आत शिरत नाही, हे जाणून त्वचेवर काच दाबून तेथील रक्त बाजूला सारले. हा क्रम रोज चालला, आणि काही महिन्यांत चेहऱ्यावरील व्रण भरून आले.

१८९६ साली प्रकाशचिकित्सेची संस्था स्थापन झाली. १९०१ पर्यंत तेथे लुपसच्या सुमारे ८०० रोग्यांवर उपचार झाले, व त्यांतील बहुसंख्य बरे झाले. मूळच्या डेन्मार्कच्या राजकन्या असलेल्या अलेक्झांड्रा यांनी १९०० साली हा दिवा लंडनच्या रुग्णालयास मिळवून दिला.

इकडे फिन्सेन यांचा स्वतःचा रोग मात्र कोणत्याही दिव्याला दाद देत नव्हता. जलोदराने पोट फुगे. अनेकदा पाणी काढावे लागे. अखेरची काही वर्षे त्यांनी चाकांच्या खुर्चीत काढली. १९०३ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते स्टॉकहोमला जाऊ शकले नाहीत. त्या रकमेचा मोठा वाटा त्यांनी आपली संस्था आणि हृदय व यकृत यांच्या रोग्यांसाठी काढलेले आरोग्यधाम यांना देऊन टाकला. रोज किती खाल्ले, किती प्याले, किती मीठ पोटात गेले, याची नोंद ते ठेवीत. त्यावरून शरीरात मीठ साचण्याविषयीचा निबंध त्यांनी १९०४ साली प्रसिद्ध केला. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार मृत्यूनंतर त्यांच्या शरीराची तपासणी करण्यात आली.

क्षयावर औषधे निघाल्यावर फिन्सेन यांचे दिवे मागे पडले. २००५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी त्यांची जुनी भिंगे तपासली, तेव्हा त्यांतून अतिनील किरणांपैकी आखूड किरण पार होत नाहीत असे आढळले. क्षयजंतूंमधील रंगद्रव्ये दुसऱ्याच किरणांनी चेतवली जाऊन जंतू मरत असावेत, असे आता मानतात. उपाय खरा होता, त्याचे कारण मात्र वेगळे निघाले.

थकव्यावर प्रकाश लागू पडतो का, हा त्यांचा पहिला प्रश्न अजून डॉक्टरांपुढे आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस नावाच्या रोगात मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरचे आवरण नष्ट होते, आणि रोग्याला विलक्षण थकवा येतो. अशा रोग्यांना रोज काही वेळ प्रखर पांढऱ्या दिव्यापुढे बसवून पाहण्यात आले आहे. थकवा उतरल्याचे पुष्कळांनी सांगितले. परंतु तुलनेसाठी मंद तांबड्या दिव्यापुढे बसवलेल्या रोग्यांनीही एका प्रयोगात तेच सांगितले. म्हणून याविषयीचे प्रयोग अद्याप चालू आहेत.