फख्रुद्दीन खान : विज्ञान उर्दूत आणणारा नवाब आणि त्याचा बंद पडलेला मदरसा

हैदराबादला गेलेले आपले लोक फलकनुमा बघून येतात. तो महाल बांधणाऱ्या विकार-उल-उमरा यांचे आजोबा कोण होते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

ते होते नवाब फख्रुद्दीन खान, शम्स-उल-उमरा दुसरे. पायगाह घराण्याचे अमीर आणि दुसऱ्या निजामांचे जावई. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं उमरग्याजवळचं गुंजोटीही पायगाह जहागिरीतच होतं. म्हणजे ही गोष्ट तशी परक्या मुलखाची नाही.

एवढ्या मोठ्या अमीराला नाद होता गणिताचा आणि विज्ञानाचा. स्वतःच्या पैशानं त्यांनी हैदराबादेत मदरसा-ए-फख्रिया काढला. इथं गणित आणि नव्या युरोपी विज्ञानाची तालीम मिळायची. पण उर्दूत पुस्तकंच नव्हती, मग शिकवायचं कशावरून? नवाबांनी इंग्रजी पुस्तकांचे तर्जुमे करून घेतले आणि ते छापायला स्वतःचा शिळाछापखाना घातला. त्यातला ‘सित्ता-ए-शम्सिया’ हा संच विशेष गाजला. सित्ता म्हणजे सहा. यंत्रशास्त्र, खगोल, पाणी, हवा, प्रकाश आणि वीज असे सहा विषय. ही पुस्तकं निघाली तेव्हा उस्मानिया विद्यापीठाला अजून पाऊणशे वर्षं तरी अवकाश होता! विज्ञान आपल्या जबानीत शिकवता येतं का, हा वाद आजही घराघरात चालतो. नवाबांनी वाद घातला नाही, थेट पुस्तकं छापली.

राजकारणात ते फार रमले नाहीत. १८४९ मध्ये काही महिने दिवाण होते, तेवढंच. पुढे १८५३ च्या तहात वऱ्हाडाबरोबर आपला हा मुलूखही इंग्रजांकडे गेला, १८६० ला परत निजामाकडे आला. हे दोन्ही त्यांनी हयातीत पाहिलं. १८६३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

मदरसा मात्र टिकला नाही. सगळा डोलारा एकाच घराच्या तिजोरीवर होता. तोपर्यंत सालारजंगांच्या दिवाणगिरीत सरकारी दारुल उलूम उभं राहिलं होतं, त्याच्यामागं रियासत होती. फख्रियाच्या मागं एकच माणूस.

उर्दू माध्यम पुन्हा जोरात आलं ते १९१८ साली, उस्मानिया विद्यापीठ निघालं तेव्हा. तिथंही आधी तर्जुम्याचं खातं उघडावं लागलं. नवाब पायगाह मकबऱ्यात दफन आहेत. तिथली चुन्याची नक्षी आणि जाळ्या बघायला लोक येतात.