राजा रविवर्मा : चित्रकार आणि छापखान्याचे मालक



राजा रविवर्मा म्हटलं की आपल्याला लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आठवतात. मुलांना आपण एवढंच सांगतो की ते मोठे चित्रकार होते. पण त्यांच्या आयुष्याचा एक भाग आपल्या कर्जत-खालापूरच्या अगदी जवळ, घाटाच्या वरच्या अंगाला घडला. त्यांचा छापखाना लोणावळ्यापुढे माळवलीला होता. मुंबईहून तिथं रेल्वेनं जायचं तर कर्जतवरूनच जावं लागतं. आजचा पाठ या छापखान्याबद्दल आहे.

बालपण आणि शिक्षण

रविवर्मांचा जन्म 29 एप्रिल 1848 रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर येथे झाला. लहानपणी ते घराच्या भिंतींवर चित्रं काढायचे. मामा राजराजवर्मा स्वतः चित्र काढत. त्यांनी भाच्याला रागावण्याऐवजी शिकवायला घेतलं. वयाच्या चौदाव्या वर्षी ते मामांबरोबर तिरुअनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्याकडे गेले.

त्या काळी तेलरंगात काम करणारे आपल्याकडे फार थोडे होते, आणि जे होते ते आपली विद्या सहज देत नसत. दरबारी चित्रकार रामस्वामी नायडू यांनी शिकवायला नकार दिला. पुढे थिओडोर जेन्सन हा युरोपियन चित्रकार दरबारात आला. त्यानेही धडे दिले नाहीत, काम करताना फक्त पाहू दिलं. रविवर्मा पाहून पाहून शिकले. 1873 मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळालं. नंतर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चौदा चित्रं करून घेतली. ती पाहायला लोकांनी मोठी गर्दी केली.

छापखान्याचा विचार

एक तैलचित्र करायला कित्येक आठवडे लागतात, आणि ते जातं एकाच राजवाड्यात. मग सामान्य माणसाने काय पाहायचं? त्रावणकोर आणि बडोदा संस्थानांचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. रविवर्मांनी पुढचं पाऊल टाकलं आणि छापखानाच इथं आणला. 1894 मध्ये मुंबईत एका भागीदाराबरोबर त्यांनी तो सुरू केला. यंत्रं जर्मनीची आणि कारागीरही जर्मन. शकुंतलेच्या जन्माचं चित्र सुरुवातीलाच छापलं गेलं.

देवादिकांची छापील चित्रं त्याआधीही मिळत होती. 1878 पासून पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रशाळा होती. पण तैलचित्रासारखी झाक असलेला छाप काढायचा, ही रविवर्मांची जिद्द होती.

दगडावरची छपाई आणि डिंक

ही छपाई दगडावर होत असे. त्याला शिळाप्रेस म्हणत. बारीक कणांचा चुनखडीचा दगड घ्यायचा आणि त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग थोडं आम्ल मिसळलेलं डिंकाचं पाणी फिरवायचं. डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा. त्यानंतर दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की तेलकट भागावर शाई बसते आणि ओल्या भागावर बसत नाही.

इथं मुलांना थांबवून विचारावं : डिंक तर चिकटवायला वापरतात, मग इथं त्याचा काय उपयोग? गंमत अशी की डिंकाचा पातळ थर दगडावर पाणी धरून ठेवतो, आणि त्या पाण्यामुळे तेलकट शाई तिथं चिकटत नाही. पाकिटावर चिकटवणारा डिंक दगडावर चिकटू न देण्याचं काम करतो! वस्तू तीच, पण कुठं आणि कशी वापरली यावर तिचं काम ठरतं.

प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. एका चित्राला दहा-बारा, कधी वीसहून अधिक दगड लागत. तोच कागद प्रत्येक दगडावरून जाणार. आधीची शाई ओली असेल तर एकावर एक ठेवलेले कागद एकमेकांना चिकटणार. पावसाळी हवेत कागद फुगला तर पुढचा रंग जागेवर बसणार नाही आणि लक्ष्मीचे ओठ गालावर जातील. चित्र काढणाऱ्याइतकंच छापणाऱ्याचं कसब इथं पणाला लागतं.

प्लेग, तोटा आणि विक्री

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं शहर सोडून गेली आणि धंदे बसले. छापखाना 1899 च्या सुमारास माळवलीला हलवला. रविवर्मा चित्रांसाठी देशभर फिरत असत. धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा सोबत होते, पण रोजचा हिशेब, कागद, मजुरी आणि विक्री बघायला मालक जागेवर नव्हता. त्यात दुसरे लोक या चित्रांच्या नकला काढून विकू लागले. भागीदारीही टिकली नाही. शेवटी छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. यंत्रांबरोबर चित्रं छापण्याचे हक्कही गेले.

जानेवारी 1905 मध्ये भाऊ वारला. 2 ऑक्टोबर 1906 रोजी किळिमानूरला रविवर्मांनीही डोळे मिटले.

लेबलांनी तारलं

श्लायशर छपाईतला माणूस होता. देवांच्या चित्रांबरोबर त्याने जाहिराती, कॅलेंडरं आणि मालावर लावायची लेबलंही छापली. कोणी म्हणेल, कुठं शकुंतला आणि कुठं डब्यावरचं लेबल! पण अशा रोजच्या कामांनी छापखाना चालता राहिला, आणि त्याच्या आधाराने चित्रंही छापली जात राहिली. ज्यांना देवळात पाऊल ठेवू देत नव्हते त्यांच्याही भिंतीवर देव आले. दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केलं होतं. 1972 मध्ये तिथं आग लागली आणि बरंच काही जळून गेलं.

रविवर्मांची चित्रं राजवाड्यातून घराघरात गेली, पण त्यासाठी त्यांना छापखाना गमवावा लागला. कला लोकांपर्यंत न्यायची तर दगड घासणारा, शाई लावणारा, हिशेब ठेवणारा या सगळ्यांचं काम नीट व्हावं लागतं. हे मुलांना सांगितलं पाहिजे. चित्रकलेत हुशार मुलाचं आपण कौतुक करतो. कागद सरळ कापणाऱ्या मुलाचंही तितकंच करतो का?

आजच्या काळाशी जोड

खोपोली, पाताळगंगा भागातल्या कारखान्यांत कामाला जाणारे पालक आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथल्या बाटल्या-खोक्यांवरची लेबलं त्यांच्या ओळखीची असतात. आता लेबलाच्या पाठीला गोंद आधीच लावलेला असतो. पण हाच गोंद छापणाऱ्या यंत्रात रुळाला चिकटला तर लेबल गुंडाळलं जातं आणि काम थांबतं. म्हणून लेबलामागचा कागद सिलिकॉनचा थर देऊन गुळगुळीत करतात. यंत्रातल्या रुळांनाही गोंद न धरणारा थर देतात. पाठीचा कागद एका धारदार कडेवरून एकदम वळवतात, म्हणजे ताठ लेबल सरळ पुढे जातं आणि आपोआप सुटतं. शिळाप्रेसवाल्यांसमोरचा प्रश्नही हाच होता : हवं तिथं चिकटावं, नको तिथं चिकटू नये.

वर्गात करून पाहा

1. पांढऱ्या कागदावर मेणबत्तीने चित्र काढा आणि वरून पातळ जलरंग फिरवा. रंग कुठं बसला नाही? का?
2. स्टिकर काढून त्याच्याच मागच्या कागदावर पुन्हा लावा, मग वहीवर लावा. फरक लिहा.
3. घरातल्या पाच वस्तूंची लेबलं पाहा. एका लेबलामागे किती जणांचे हात असतील याची यादी पालकांसोबत करा.
4. रविवर्मांनी छापखाना काढला ते बरोबर केलं का? दोन्ही बाजूंनी पाच-पाच वाक्यं लिहा.